रिकामा रकाना

पहाटे साडेपाचला मरोळ-मरोशी रस्ता धावणाऱ्या पोरांच्या ताब्यात असतो. रिक्षांच्या रांगा अजून लागलेल्या नसतात, एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीची माणसं यायची असतात आणि आरेच्या बाजूने येणारा गारवा अजून विरलेला नसतो. कधी दोघं-तिघं, कधी सात-आठ जण आरेच्या दिशेने धावत जातात आणि वळून येतात. एकजण कडेला मोबाईल धरून उभा असतो. "पाच बावीस!" तो ओरडतो. धावत आलेला मुलगा गुडघ्यांवर हात टेकून वाकतो, श्वास गोळा करतो आणि म्हणतो, "बारा सेकंद गेले राव."

त्या बारा सेकंदांची किंमत दोन गुण. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना सोळाशे मीटर धावायचं असतं. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलात तर वीसपैकी वीस, पुढच्या वीस सेकंदांत आलात तर अठरा. शंभर मीटरला पंधरा गुण, गोळाफेकीला पंधरा, असे मैदानाचे एकूण पन्नास. त्यातले निम्मे मिळवलेल्यांमधून एका जागेमागे दहाजण लेखीला बोलावले जातात. लेखीचे गुण शंभर. दीडशेपैकी किती, यावर मेरिट लागतं. २०२४च्या भरतीत राज्यात १७ हजार ४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांहून अधिक. शंभरातल्या नव्व्याण्णवांना घरी पाठवायचं असेल, तर बारा सेकंदही मोलाचे ठरतात.

मरोळला या धावण्याला एक पार्श्वभूमी आहे. इथे मुंबई पोलिसांचं प्रशिक्षण केंद्र आहे. आसपासचे लोक त्याला नुसतं 'कॅम्प' म्हणतात. जवळच एका रस्त्याचं नाव मिलिटरी रोड. नाव तेवढं लष्करी, बाकी दोन्ही बाजूंना सोसायट्या, गाळे आणि दुकानं. वर्दीची हवा आणि एमआयडीसीचा धूर इथे एकाच नाकात जातो.

बारा सेकंद गमावलेला मुलगा गेवराईकडचा, बीड जिल्ह्यातला. वय वीस. भवानी नगरला मामाकडे राहतो आणि दिवसा एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मोटर रिवायंडिंगचं काम करतो. आयटीआय झालाय, इलेक्ट्रिशियन. चहा पिताना त्याची बोटं बघितली तर नखांच्या कडेला वार्निशचा तपकिरी थर दिसतो. जळालेल्या मोटरचं वाइंडिंग उपटून काढायचं, तारेचे वेढे मोजायचे, तितकेच नव्याने घालायचे, वार्निश देऊन भट्टीत वाळवायचं, हा त्याचा दिवस. मोटर चालू केली की आवाजावरून बेअरिंग गेलंय की वाइंडिंग, हे तो न उघडता सांगतो. "शेटपण मलाच ऐकायला लावतो," हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाच मिनिटं दहा सेकंद ऐकूनही आलं नसतं.

पोलीस भरतीसोबत अग्निवीरचाही फॉर्म त्याने भरलाय. मी विचारलं, "पोलिसात म्हण, मिलिटरीत म्हण, तिथे गेल्यावर काम कुठलं करायला आवडेल?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा.

"सर, आधी लागू तर द्या. मग देतील ते."

निवड आणि वाटप

'लागणं' हा मराठीतला भारी शब्द आहे. पोरगा लागला म्हणजे नोकरीला लागला. कुठे, कोणत्या कामावर, हे पुढचं. सगळा जीव 'लागण्या'त अडकलेला. पण भरती करणाऱ्या कोणत्याही दलापुढे खरे प्रश्न दोन असतात. पहिला, कुणाला आत घ्यायचं? ही निवड. दुसरा, घेतलेल्यांपैकी कुणाला कुठे बसवायचं? हे वाटप. निवडीला एक आकडा पुरतो: दीडशेपैकी किती. वाटपाला एक आकडा पुरत नाही, कारण तिथे प्रत्येक माणसाला जागांइतके आकडे लागतात. हाच मुलगा बंदोबस्तावर कसा, गाडीवर कसा, बिनतारी संचावर कसा, भांडारात कसा?

कोणताच माणूस निरुपयोगी नसतो, त्याला योजणारा तेवढा दुर्मिळ असतो, अशा आशयाचं सुभाषित आपण शाळेत पाठ केलं. पाठ करून सोडून दिलं. मात्र जुळवणीचं गणित आपल्याला नवं नाही. मराठी घरात पत्रिका जुळवताना आठ कूटं बघतात. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असं करत आठव्याला आठ. बेरीज छत्तीस. अठरा जमले तर पुढे बोलणी. पटो न पटो, बांधणीच्या दृष्टीने हे अस्सल प्रारूप आहे: निकष ठरलेले, त्यांचं वजन ठरलेलं, उत्तीर्ण होण्याची रेषा ठरलेली. नवरा-नवरीला काय वाटतं, याला तेवढा रकाना नाही.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवू. लष्कराच्या गणितातही ती पुन्हा भेटणार आहे.

एकावर शंभर शून्यं

वाटपाचा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडायची गरज पडली ती महायुद्धांमुळे. अमेरिका १९१७ साली पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा शेतकरी, न्हावी, लोहार, कारकून असे लाखो लोक एकदम गणवेशात आले. रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने दोन चाचण्या तयार झाल्या: वाचता येणाऱ्यांसाठी 'आर्मी अल्फा', न येणाऱ्यांसाठी चित्रांची 'आर्मी बीटा'. सतराएक लाख माणसांनी त्या दिल्या. दुसऱ्या महायुद्धात अशा चाचणीतून गेलेल्यांची संख्या कोटीच्या पुढे गेली.

रॉबर्ट थॉर्नडाइक हा मानसशास्त्रज्ञ त्या काळात अमेरिकेच्या हवाई दलासाठी हेच काम करत होता. युद्धानंतर, १९५० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने एक मासलेवाईक किस्सा नोंदवला आहे. अमुक माणसं, तमुक कामं, सर्वांत चांगली जोडणी कशी शोधायची, असं त्याने एका गणितज्ञाला विचारलं. गणितज्ञ म्हणाला, यात प्रश्न कसला? जोडण्यांची संख्या मर्यादित आहे. सगळ्या करून बघा आणि उत्तम ती घ्या. विषय संपला. थॉर्नडाइकची तक्रार अशी की, हे ऐकून मानसशास्त्रज्ञाने काय करावं? नुसती दहा माणसं आणि दहा कामं घेतली तरी जोडण्या होतात ३६ लाख २८ हजार ८००. रेषीय प्रायोजनाचा जनक जॉर्ज डँटझिग सत्तरांचं उदाहरण देत असे. सत्तर माणसं, सत्तर कामं: जोडण्या एकावर शंभर शून्यं याहूनही जास्त. मरोळ कॅम्पातल्या एका तुकडीचंही वाटप असं 'करून बघून' करायला घेतलं, तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही.

मग डोळ्याला दिसेल ते करावं? ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला त्याच्या उत्तम जागी बसवा, मग पुढचा घ्या. बहुतेक कचेऱ्यांत हेच होतं. ते कुठे फसतं, हे तीन माणसांवरही दिसतं. समजा तीन नवे शिपाई आहेत: सांगलीचा, बीडचा आणि मालवणचा. जागा तीन: चालक, बिनतारी, भांडार. चाचणीत शंभरपैकी गुण असे पडले:

सांगलीचा: चालक ९०, बिनतारी ८५, भांडार ६०.
बीडचा: चालक ८०, बिनतारी ४०, भांडार ५०.
मालवणचा: चालक ६०, बिनतारी ५५, भांडार ७०.

नव्वद बघून कुणाचाही हात सांगलीकराच्या हाती गाडीची चावी देईल. नंतरचा मोठा आकडा सत्तर, म्हणून मालवणकर भांडारात. उरलेला बीडकर बिनतारीवर, चाळीस गुणांचा. बेरीज दोनशे. आता चावी बीडकराला द्या आणि सांगलीकराला बिनतारीवर बसवा. ८०, ८५ आणि ७०, बेरीज २३५. सर्वांत चांगला चालक गाडी चालवत नाही, तरी तुकडी सर्वांत चांगली चालते. कारण सांगलीकर गाडीवरून हलला तर तुकडीचं नुकसान पाचाचं, बीडकर हलला तर तिसाचं किंवा चाळिसाचं.

हे उत्तर सहाच्या सहा जोडण्या न तपासता काढायची रीत १९५५ साली हॅरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने दिली. हंगेरीच्या डेनेश क्योनिग आणि येनो एगरवारी यांच्या कामाचा त्यात मोठा वाटा. एगरवारीचा १९३१चा निबंध हंगेरियनमध्ये होता. कूनने व्याकरण आणि शब्दकोश घेऊन तो भाषांतरित केला आणि आपल्या रीतीला 'हंगेरियन पद्धत' हे नाव देऊन ऋण फेडलं. ती छापून आली अमेरिकी नौदलाच्या रसदशास्त्रविषयक त्रैमासिकात. पुढे कळलं की जर्मन गणितज्ञ याकोबीने हीच वाट आधीच्या शतकात काढली होती आणि ती त्याच्या मृत्यूनंतर लॅटिनमध्ये छापूनही आली होती.

रीत हाताने करण्याइतकी सोपी आहे. प्रत्येक माणसाच्या सर्वोत्तम गुणातून त्याचे बाकीचे गुण वजा करा. म्हणजे त्याला हलवलं तर किती तूट येते ते मिळतं. सांगलीकराची तूट ०, ५, ३०. बीडकराची ०, ४०, ३०. मालवणकराची १०, १५, ०. आता उभे रकाने बघा. बिनतारीच्या रकान्यात एकही शून्य नाही, म्हणजे तिथे कुणीही बसवला तरी किमान पाचाची तूट अटळ. ती पाच त्या रकान्यातून काढून टाका. सांगलीकराच्या बिनतारीखाली शून्य येतं. आता प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात एक, असं एकेक शून्य निवडता येतं: बीडकर गाडीवर, सांगलीकर बिनतारीवर, मालवणकर भांडारात. सगळ्यांच्या सर्वोत्तम गुणांची बेरीज २४०, अटळ तूट ५, उत्तर २३५. हीच कृती थोडी लांबवली की हजार माणसांना चालते, आणि आजचा साधा लॅपटॉप ती चहा गार व्हायच्या आत उरकतो.

गणिताचं काम इथे चोख झालं. मात्र ते सुरू व्हायच्या आधी तक्ता कुणीतरी भरलेला होता. बीडकराच्या बिनतारीपुढे चाळीस कुणी लिहिले आणि कशावरून?

चौकटीतला आकडा

महाराष्ट्राला हा प्रश्न संगणकाच्या खूप आधी भेटला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानी फौजेत 'लढवय्या जाती'चा सिद्धांत रुजला. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी त्याला बळ दिलं. कोणती जात लढते, कोणती लढत नाही, कुणाला कोणत्या पलटणीत घ्यायचं, याचं एक शास्त्रच तयार झालं. भरती अधिकाऱ्यांसाठी जातवार हस्तपुस्तिका निघाल्या. मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरची बेथॅम या अधिकाऱ्याची पुस्तिका १९०८ची. हाही तक्ताच होता. फक्त त्यात ओळीवर माणसाचं नाव नव्हतं, जातीचं होतं.

मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या महारांच्या ओळीपुढे १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला शून्य लिहिलं गेलं. भरती बंद. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरलेली, त्यांच्या नातवंडांना पलटणीचं दार लागलं. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी त्या दशकात याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१०मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध सरलं आणि १९२१पर्यंत तीही मोडली. दुसरं महायुद्ध आलं, सुभेदार रामजींचे चिरंजीव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या पन्नास वर्षांत महारांच्या दंडातलं बळ कमी-जास्त झालेलं नव्हतं. बदलत होता तो चौकटीतला आकडा, आणि तोही फौजेची गरज बघून.

चाचण्या आल्या म्हणून चौकटी आपोआप शुद्ध झाल्या, असंही नाही. 'अल्फा'मधल्या कित्येक प्रश्नांना अमेरिकेतली दुकानं, जाहिराती, खेळाडू ठाऊक असावे लागत. नुकताच बोटीतून उतरलेला इटालियन किंवा पोलिश मजूर त्यात मागे पडणारच. त्या गुणांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३मध्ये वंशावंशांच्या बुद्धीची उतरंड लावणारं पुस्तक लिहिलं आणि १९३०मध्ये स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले.

नंतरची चूक आणखी बोधक आहे. १९७६पासून अमेरिकेच्या सर्व दलांनी भरतीसाठी एकच चाचणी-संच वापरायला सुरुवात केली. कच्चे गुण प्रमाणित गुणांत बदलायचं कोष्टकच चुकलं होतं. तळाकडच्या उमेदवारांचे गुण फुगून येत राहिले आणि १९८०मध्ये चूक उघड होईपर्यंत नियमाने बाहेर राहिले असते असे तीन लाखांहून अधिक लोक गणवेशात दाखल झाले होते. लष्कर हादरलं. नंतर त्या माणसांच्या नोकरीचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी काम बऱ्यापैकी निभावल्याचं दिसलं. मग प्रश्न उलटला: आपण मोजतो ते गुण आणि प्रत्यक्षातलं काम यांचा संबंध तरी किती? त्यातून १९८०च्या दशकात अमेरिकी लष्कराने 'प्रोजेक्ट ए' नावाचा मोठा अभ्यास हाती घेतला. कागदावरच्या गुणांसोबत हजारो सैनिकांचं हातातलं कामही मोजलं गेलं.

आपल्याकडचा आकडा तर कधी जिवावरही उठला आहे. २०१४च्या जूनमध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले. ओरड झाली, अंतर कमी झालं आणि आता पुरुषांना सोळाशे मीटर आहेत. पाच किलोमीटर कशासाठी होते? चोराचा पाठलाग कुणी पाच किलोमीटर करत नाही. चौकटीत कधीतरी कुणीतरी आकडा लिहिलेला असतो आणि तो पुसायला फार मोठी किंमत द्यावी लागते.

पहिली पसंती

आता सांगलीकराकडे परत येऊ. तुकडीची बेरीज २३५ झाली, साहेब खूश. पण त्याला गाडीच चालवायची असेल तर? वडील एसटीत चालक, लहानपणापासून स्टिअरिंगचं वेड. हंगेरियन पद्धतीला यातलं काही कळत नाही, कारण तिला ते कुणी सांगितलेलंच नाही.

माणसाची इच्छा गणितात आणण्याचं काम डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी केलं. १९६२मधला त्यांचा निबंध जेमतेम सात पानांचा. विषय महाविद्यालयीन प्रवेश आणि टिकाऊ विवाह. रीत अशी: प्रत्येक उमेदवार आपल्या पहिल्या पसंतीच्या जागेकडे अर्ज करतो. जागेच्या मालकाने आलेल्यांतला सर्वांत योग्य धरून ठेवायचा, पण तात्पुरता, बाकीच्यांना नकार. नकार मिळालेले आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. तिथे आधी धरून ठेवलेल्यापेक्षा नवा सरस असेल, तर जुना सुटतो आणि पुढे जातो. असं करत नकार संपले की तात्पुरतं ते पक्कं. शेवटी अशी एकही जोडी उरत नाही की जिला एकमेकांकडे पळून जावंसं वाटावं. शिवाय, उमेदवाराला खोटं बोलून काही मिळत नाही. जे मनापासून हवं, ते पहिलं लिहावं; त्याने दुसरी पसंती हातची जात नाही. शॅप्ली आणि हे गणित प्रत्यक्षात उतरवणारे आल्विन रॉथ यांना २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर हयात नव्हते.

खोटं बोलून फायदा नसणं ही केवढी मोठी सोय आहे, हे अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरलेल्या मुंबईतल्या कोणत्याही आईबापाला विचारा. "पहिलं कुठलं टाकू? तिथे नाही लागलं तर? पहिलंच लागलं आणि दुसऱ्या फेरीत कटऑफ खाली आला तर?" मे-जूनमध्ये अंधेरी ते मुलुंड घरोघर हेच चाललेलं असतं. पद्धतीवर विश्वास नसला की माणूस हवं ते लिहीत नाही, लागेल ते लिहितो.

मरोळहून साकी विहारच्या रस्त्याने पवई गाठायला गर्दी नसेल तर वीस मिनिटं. तिथल्या आयआयटीतले शरत चंद्रन आणि देशातले-परदेशातले त्यांचे सहकारी, सुरेंदर बसवाना, पार्थप्रतिम चक्रबर्ती, यशोधन कानोरिया, उत्कर्ष पाटंगे, यांनी हेच गेल-शॅप्लीचं गणित आपल्या आरक्षणाच्या नियमांत बसवलं. २०१४पर्यंत आयआयटी आणि एनआयटी यांचे प्रवेश वेगवेगळे होत. एकच मुलगा दोन्हीकडे जागा अडवून बसे, एक सोडे आणि ती रिकामी राही. २०१५पासून दोन्हींची वाटणी एकाच यादीतून होऊ लागली. पहिल्याच वर्षी चौतीस हजारांच्या आसपास जागा.

लष्करातही हे गणित पोचलं आहे. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट अकादमीत कॅडेट पायदळ, तोफखाना, अभियंते अशा शाखांचा पसंतीक्रम देतात. २००६पासून एक सवलत आली: हव्या असलेल्या शाखेसाठी तीन वर्षं जास्त सेवा द्यायला तयार असाल, तर काही जागांवर तुमचा नंबर वर सरकेल. कल्पना चांगली, पण वाटपाच्या नियमात खोट होती. खरं ते लिहिलं तर तोटा होऊ शकायचा. काही वेळा मेरिटमध्ये वर असण्यापेक्षा खाली असणं फायद्याचं ठरायचं. तय्फुन स्योनमेझ आणि टोबियास स्वित्झर यांनी २०१३मध्ये ही खोट दाखवून दिली. स्वित्झर तर स्वतः हवाई दलातले. अखेर २०२१च्या तुकडीसाठी लष्कराने नियम बदलून घेतला. जगातल्या बलाढ्य फौजेने आपल्या पोरांना खरं बोलता यावं म्हणून गणित दुरुस्त केलं, ही गोष्ट मला रणगाड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते.

सात माणसं, दोन जागा

तक्ता नेहमी वरूनच भरला जातो, असंही नाही. २०१६मध्ये देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने कागद-पेन घेऊन ठाण्यातल्या ड्युट्या मांडल्या. बारा-बारा तासांऐवजी आठ तासांत काम बसवता येतं, असा तो आराखडा होता. तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी तो ऐकला आणि मे महिन्यात देवनारमध्ये प्रयोग सुरू केला. पुढे तो मुंबईतल्या इतर ठाण्यांत गेला.

हिशेब कोणालाही करता येईल. चोवीस तास माणूस हवा अशी एक जागा म्हणजे आठवड्याचे १६८ तास. बारा तास, सहा दिवस राबणारा माणूस ७२ तास देतो. म्हणून सात माणसांत अशा तीन जागा चालतात. आठ तासांचा माणूस ४८ तास देतो. सात माणसांत दोनच जागा. तिसरी कुठून आणायची? कोणती ड्युटी नुसती रिवाज म्हणून चालू आहे, कोणती दोन कामं एकाला जमतात, हे शोधूनच. वरच्या साहेबाच्या तक्त्यात ही माहिती नसते. रोज त्या खुर्चीत बसणाऱ्याला ती पाठ असते. देवनारच्या शिपायाकडे महासंगणक नव्हता. चौकटीत खरा आकडा काय, ते त्याला माहीत होतं.

आपल्या भरतीत वाटपाचा विचार अजिबात नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पोलीस शिपाई, चालक, बॅण्डस्मन, राज्य राखीव दल, कारागृह शिपाई असे अर्ज वेगळे असतात. अग्निवीरमध्ये जनरल ड्युटी, टेक्निकल, क्लार्क, ट्रेड्समन हे गट आहेत. आता तिथे मोबाईलवर द्यायची अ‍ॅडॅप्टेबिलिटी टेस्टही आली आहे. पण वाटपाचा मोठा भाग आपण अर्ज भरतानाच उमेदवाराच्या गळ्यात टाकतो. त्याने अंदाज बांधायचा, जुगार खेळायचा, आणि लागला नाही तर नशीब.

चहावाल्याकडे ग्लास परत देताना मी गेवराईच्या मुलाला फॉर्मबद्दल पुन्हा विचारलं. आधी अग्निवीरला एकच गट भरता यायचा. आयटीआय असल्यामुळे टेक्निकलला तो पात्र होता, तरी त्याने जनरल ड्युटी भरली. "जीडीला जागा जास्त असतात ना." मोटरचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा मुलगा, आणि सरकारदरबारी त्याची पसंती बंदूक घेऊन पळण्याची. त्या एका खोट्याचा दोष त्याच्यावर कसा टाकायचा?

मग नियम बदलला. फॉर्ममध्ये दोन गट भरता येतात. त्याने जीडीही भरलंय आणि टेक्निकलही.

"दोन्हींतलं हवं कुठलं?"

तो पुन्हा तसाच बघत राहिला, पण या वेळी थोडा कमी वेळ. मग वार्निश लागलेल्या अंगठ्याने बोटाचं नख खरवडत म्हणाला, "टेक्निकल लागलं तर बरंच होईल की."

तेवढ्यात रस्त्याच्या कडेचा मोबाईलवाला ओरडला. दुसरी खेप सुरू होत होती. गेवराईचा मुलगा उठला, बुटाची नाडी आवळली आणि उरलेले बारा सेकंद कमी करायला आरेच्या दिशेने पळाला.